अरण्यरक्षण आणि ख्रिस्तसभेचे मेंढपाळ

ज्युबिली हा शब्द सांप्रत आपल्या धर्मग्रामात ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. नोव्हेना, मिरवणूक, कृतज्ञतेचे मिस्साबलिदान व स्नेहभोजन यांची सिद्धता चालू असता, या शब्दाच्या मूळ अर्थाकडे वाचकांचे चित्त क्षणभर वेधावे असे आम्हांस वाटते. जुन्या करारातील लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा विधी सांगितला आहे. सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, शिंग फुंकून त्याची द्वाही फिरवावी, दास्यात पडलेल्यास मोकळे करावे, हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, आणि त्या वर्षी पेरणी-कापणी न करता भूमीस विसावा द्यावा, असा तो विधी होय. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. भूमी परमेश्वराची आहे. मनुष्य तिच्यावर पाहुण्यासारखा राहतो.

ज्या उत्सवाचा उगम भूमीच्या विसाव्यात आणि गरिबांच्या सुटकेत आहे, त्या उत्सवाच्या स्मरणिकेत, भूमीच्या व गरिबांच्या वतीने ज्यांनी आपला आवाज उठविला अशा काही धर्मपुरुषांचा व धर्मभगिनींचा वृत्तांत देणे अनुचित होणार नाही. पृथ्वीवरील वर्षावनांच्या रक्षणासाठी ख्रिस्तसभेच्या मेंढपाळांनी काय केले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि त्यातून आम्ही काय घ्यावे, इतकाच या लेखाचा विषय आहे.

वर्षावन म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, जेथे ऊब व पाऊस यांस खळ नसतो, तेथे बारमाही हिरवी अशी निबिड अरण्ये आहेत. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात, आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात आणि आग्नेय आशियाच्या बेटांवर त्यांचा मोठा विस्तार आहे. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित राने त्यांच्याच कुळातील होत. इतकी गर्द झाडी ज्या जमिनीवर वाढते ती जमीन अत्यंत कसदार असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. तेथील कस मातीत थोडा, आणि झाडांत, वेलींत व कुजणाऱ्या पाल्यात अधिक साठलेला असतो. पाला गळतो, उष्णतेने लवकर कुजतो, आणि मुळे त्याचे सत्त्व लगोलग शोषून घेतात. झाडे तोडून नेली म्हणजे तो कसही त्यांच्याबरोबर जातो, आणि उघडी पडलेली माती थोड्याच पावसाळ्यांत वाहून जाते. शिवाय ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा मोठा भाग त्या झाडांनीच पानांवाटे हवेत सोडलेल्या बाष्पाचा असतो. यास्तव तेथे अरण्य तोडणे म्हणजे पुढील पिढीच्या पावसावर कुऱ्हाड घालणे होय.

या इतिहासाचा आरंभ कोठून करावा? पुष्कळांची समजूत अशी असते की, ख्रिस्तसभेत शब्द प्रथम रोमहून निघतो, मग तो महागुरूंकडे येतो, आणि अखेर धर्मग्रामात पोहोचतो. रोम या विषयात अगदीच मौन धरून होते असे नव्हे. परमगुरू सहावे पॉल यांनी १९७१ साली सृष्टीच्या अविचारी नासाडीविषयी सावध केले होते; आणि परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी २९ नोव्हेंबर १९७९ रोजी असिसीच्या संत फ्रान्सिस यांस पर्यावरणाच्या उपासकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. तथापि अमुक डोंगर, अमुक ओढा, अमुक रस्त्याने चाललेले ओंडके, असे बोट ठेवून बोलण्याचे धैर्य प्रथम दूरच्या धर्मग्रामांत प्रकट झाले, आणि तेथून ते वर चढत गेले. हीच गोष्ट आम्हांस मुख्यतः सांगावयाची आहे.

फिलिपाईन्स देशाच्या दक्षिणेस मिंदानाव नावाचे मोठे बेट आहे. त्यातील बुकिदनॉन या डोंगराळ प्रांतात सान फर्नांदो हा शेतकऱ्यांचा धर्मग्राम आहे. मका व भात पिकवून उदरनिर्वाह करणारी ही साधी माणसे. ठेकेदार कंपन्या डोंगरावरील झाडे तोडून नेऊ लागल्या, तेव्हा ओढे आटू लागले आणि पावसाळ्यात गढूळ लोंढे शेतांत शिरू लागले. घरोघरी शुभवर्तमान वाचण्यासाठी जमणाऱ्या लघुसमूहांत ही गोष्ट निघाली. आपण देवाच्या वचनावर मनन करावयाचे आणि देवाने दिलेला डोंगर डोळ्यांदेखत उघडा होत असता स्वस्थ बसावयाचे, हे कसे? असा प्रश्न त्यांस पडला. १९८७ साली तेथील स्त्री-पुरुष ओंडक्यांनी भरलेल्या ट्रकांपुढे रस्त्यावर बसले. त्यांचे धर्मगुरू त्यांच्यासमवेत होते. त्यांस हुसकावून लावण्यात आले. पण ते पुन्हा उभे राहिले, आणि पुढे त्यांतील काहींनी राजधानी मनिला गाठून तेथे उपोषणही केले.

ही वार्ता महागुरूंच्या कानी गेली, आणि त्यांनी ती कानांआड केली नाही. २९ जानेवारी १९८८ रोजी तागायताय येथे फिलिपाईन्सच्या समस्त महागुरूंनी एक मेंढपाळपत्र प्रसिद्ध केले. आपल्या सुंदर भूमीचे हे काय चालले आहे, असा प्रश्नच त्या पत्राचे शीर्षक होते. एखाद्या देशाच्या महागुरूंनी एकत्र येऊन केवळ सृष्टिरक्षणास वाहिलेल्या अगदी आरंभीच्या पत्रांत त्याची गणना होते. देशातील मूळच्या ३ कोटी हेक्टर अरण्यांपैकी अस्पर्शित अरण्य जेमतेम १० लाख हेक्टर उरले, असा हिशेब त्यात मांडला आहे. परंतु या पत्रातील एक गोष्ट आम्हांस आकड्यांहूनही अधिक मोलाची वाटते. ज्या सामान्य लोकांनी आपले देह आडवे घालून अरण्य राखण्याचा यत्न केला, त्यांचा महागुरूंनी गौरवपूर्वक उल्लेख केला, आणि त्यांत सान फर्नांदोचे नाव आहे. गुरूंनी कळपास शिकवावे ही रीत; येथे गुरूंनी कळपापासून घेतलेला धडा सर्व देशास वाचून दाखविला.

बुकिदनॉन प्रांत मलायबलाय धर्मप्रांतात मोडतो. तेथील तत्कालीन महागुरू गाउदेन्सियो रोसालेस, जे पुढे मनिलाचे आर्चबिशप व कार्डिनल झाले, ते या कार्यात अग्रभागी होते. सरकारच्या वनखात्याने तेथील काही धर्मगुरूंस बेकायदा तोड पकडण्याचे अधिकार दिले. नेरिलितो सातूर नावाचे तरुण धर्मगुरू त्यांपैकी एक. चोरून तोडलेले लाकूड त्यांनी पकडले व जप्त करविले. धमक्या आल्या तरी ते मागे हटले नाहीत. १४ ऑक्टोबर १९९१ रोजी गिनोयुरान या गावी मिस्सा अर्पून परत येत असता वाटेत दबा धरून बसलेल्या मारेकऱ्यांनी त्यांस ठार केले.

त्यांच्या मृत्यूस तीन आठवडे लोटले, तोच ५ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच देशातील लेते बेटावर वादळी पाऊस कोसळला. ऑर्मोक शहरामागील डोंगर पूर्वीच उघडे झाले होते. पाणी अडविण्यास झाडे नव्हती. काही तासांतच चिखल, ओंडके व पाणी यांचा लोंढा शहरात घुसला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. महागुरूंचे पत्र निघून तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. धर्मगुरूने झाडांची उठाठेव का करावी, असे विचारणाऱ्यांस ऑर्मोकच्या दफनभूमीने जे उत्तर दिले, त्याहून स्पष्ट उत्तर आम्हांस देता येणार नाही.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाऊ. तेथे ख्रिस्तसभेचा मागील इतिहास सर्वस्वी उज्ज्वळ नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. वसाहतकाळात क्रूस व तलवार अनेकदा एकाच गलबतातून उतरली, आणि मूळ रहिवाशांवर घोर अन्याय झाले. परमगुरू फ्रान्सिस यांनी ९ जुलै १९१५ रोजी नव्हे, तर आमच्याच डोळ्यांदेखत, ९ जुलै २०१५ रोजी, बोलिव्हियात त्याबद्दल नम्रपणे क्षमा मागितली. इतका काळ ती क्षमायाचना लांबली होती. तथापि त्याआधीच काही मेंढपाळांनी आपल्या वर्तनाने प्रायश्चित्तास आरंभ केला होता.

ब्राझील देशात १९६४ पासून लष्करी राजवट होती. ॲमेझॉनचे अरण्य रिकामे आहे, ते साफ करून तेथे गुरांची कुरणे करावीत, असे तिचे धोरण होते. ते रिकामे नव्हते. तेथे आदिवासी होते, रबराचा चीक गोळा करणारे होते, दोन-चार एकर कसणारे गरीब शेतकरी होते. १० ऑक्टोबर १९७१ रोजी सांव फेलिक्स दो आरागुआया येथील नूतन महागुरू पेद्रो कासालदालिगा यांनी एक पत्र प्रसिद्ध करून मोठ्या जमीनदारांचे अन्याय उघड्यावर मांडले. हे महागुरू मूळचे स्पेनमधील काटालोनियाचे. महागुरूंच्या मुकुटाऐवजी ते शेतकऱ्याची गवती टोपी घालीत, आणि सोन्याच्या अंगठीऐवजी ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या काळ्या बीची अंगठी वापरीत. १९७६ च्या ऑक्टोबरात, तुरुंगात छळ सोसणाऱ्या स्त्रियांची बाजू मांडण्यास ते येशूसंघीय फादर जुआंव बोस्को बुर्निये यांजसह पोलीस ठाण्यावर गेले असता, शिपायाने फादर बुर्निये यांस गोळी घातली व त्यांत त्यांचा अंत झाला. महागुरू कासालदालिगा ८ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, निवर्तले.

त्यांचे पत्र झाडांविषयी नव्हते, माणसांविषयी होते, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. ॲमेझॉनमध्ये ख्रिस्तसभा प्रथम माणसांसाठीच बोलली. आदिवासींसाठी १९७२ साली आणि भूमिहीनांसाठी १९७५ साली तेथे स्वतंत्र धर्मसंस्था निघाल्या. परंतु ज्याचे घर अरण्य आहे त्याचे रक्षण करू जाता अरण्याचे रक्षण ओघानेच आले. झाड पडले की मागोमाग झोपडी पडते, हे त्या धर्मगुरूंनी पुस्तकातून नव्हे, तर झोपडीच्या दारात उभे राहून पाहिले.

शिंगू नदीच्या काठचा धर्मप्रांत त्या काळी ब्राझीलमध्ये क्षेत्रफळाने सर्वांत मोठा होता. आपल्या अवघ्या महाराष्ट्राहूनही तो विस्तीर्ण. ऑस्ट्रियात जन्मलेले एर्विन क्रॉइटलर १९६५ साली तेथे धर्मगुरू म्हणून आले आणि १९८१ पासून २०१५ पर्यंत तेथील महागुरू होते. ऊसतोड करणाऱ्या मजुरांची मजुरी थकली तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल १९८३ साली पोलिसांनी त्यांस मारहाण केली. १९८७ साली त्यांच्या मोटारीवर मालट्रक आदळून सोबतचे धर्मगुरू ठार झाले आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. पुढे कित्येक वर्षे त्यांस पोलिसांच्या पहाऱ्यात वावरावे लागले. शिंगू नदीवरील बेलो मोंते नामक प्रचंड धरणास त्यांनी दीर्घकाळ विरोध केला. तो विरोध सफळ झाला नाही. धरण बांधले गेले आणि २०१६ साली त्यातून वीज निघू लागली. सत्याची बाजू घेतली म्हणजे जय मिळतोच असे नाही, हेही आम्ही या इतिहासातून शिकावे.

याच महागुरूंच्या धर्मप्रांतात सिस्टर डोरोथी स्टँग काम करीत होत्या. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९३१ साली त्यांचा जन्म झाला. नामूरच्या नोत्र दाम संघाच्या त्या धर्मभगिनी. १९६६ साली त्या ब्राझीलला आल्या, पुढे त्यांनी त्या देशाचे नागरिकत्वही घेतले, आणि पारा राज्यातील आनापू गावाच्या परिसरात गरीब शेतकऱ्यांमध्ये राहिल्या. त्यांची योजना अशी होती की, प्रत्येक कुटुंबाने थोडी जमीन कसावी आणि बहुतांश अरण्य उभे ठेवून त्यातील फळे, बिया व इतर उत्पन्न यांवर निर्वाह करावा. ज्यांस तीच जमीन कुरणासाठी हवी होती, त्यांस ही वृद्ध बाई डोळ्यांत सलू लागली. १२ फेब्रुवारी २००५ रोजी सकाळी, शेतकऱ्यांच्या सभेस पायी जात असता, दोन बंदूकधाऱ्यांनी त्यांस अडविले. हत्यार आहे काय, असे विचारल्यावर त्यांनी आपले बायबल पुढे केले व त्यातील काही वचने वाचली, असे सांगतात. त्यांवर सहा गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांचे वय ७३ होते. त्या मृत्यूने जग हादरले. काही दिवसांतच ब्राझील सरकारने पारा राज्यातील सुमारे ३४ लाख हेक्टरांचे एक विस्तीर्ण अरण्यक्षेत्र संरक्षित म्हणून जाहीर केले. मारेकऱ्यांस व त्यांच्या पाठीमागील धनिकांस पुढे शिक्षा झाल्या.

या सर्वांचा शब्द अखेर रोमपर्यंत कसा पोहोचला, ते पाहा. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात सृष्टीचा ऱ्हास हा नीतीचा प्रश्न असल्याचे सांगितले. २०१४ साली महागुरू क्रॉइटलर यांनी परमगुरू फ्रान्सिस यांची भेट घेऊन ॲमेझॉनची व आदिवासींची व्यथा त्यांच्यापुढे मांडली. पुढील वर्षी, १८ जून २०१५ रोजी, ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले. त्यात ॲमेझॉन व काँगो या दोन्ही खोऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. आणि त्याच्या एकेचाळिसाव्या परिच्छेदात फिलिपाईन्सच्या महागुरूंच्या १९८८ च्या पत्रातील वचन उद्धृत केले आहे. वाचकांनी हा दुवा लक्षात घ्यावा. सान फर्नांदोचे शेतकरी रस्त्यावर बसले. महागुरूंनी आपल्या पत्रात त्यांचे नाव घेतले. आणि त्या पत्राचा आधार परमगुरूंनी सर्व जगास लिहिलेल्या परिपत्रात घेतला. या प्रवासास २८ वर्षे लागली.

६ ते २७ ऑक्टोबर २०१९ या काळात ॲमेझॉनविषयी महागुरूंची विशेष धर्मपरिषद रोममध्ये भरली. अरण्यातील आदिवासी स्त्री-पुरुषांनी तेथे स्वमुखाने आपले म्हणणे मांडले. तिच्या अनुषंगाने परमगुरूंनी लिहिलेले ‘केरिदा अमाझोनिया’ हे बोधपत्र १२ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झाले. सिस्टर डोरोथी यांच्या मृत्यूस त्या दिवशी बरोबर १५ वर्षे पूर्ण झाली होती. परमगुरू फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. त्यांचा हा वारसा आता आमच्याकडे आला आहे.

येथे एक शंका उरते. मेंढपाळाने कळपाचे ऐकावे हे खरे. पण कळप भ्याला असेल तर? हा प्रश्न आमच्याच सह्याद्रीत उपस्थित झाला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली पश्चिम घाटाच्या रक्षणासंबंधी आपला अहवाल दिला. तेव्हा केरळच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यांस, त्यांत पुष्कळ कॅथोलिक होते, आपण जमिनीवरून उठविले जाऊ अशी भीती वाटली. आणि तेथील काही धर्मनेत्यांनी अरण्याच्या रक्षणाऐवजी त्या शिफारशींच्या विरोधाची बाजू घेतली. त्यांस दोष देण्यात आम्हांस धन्यता वाटत नाही. गरिबाची भीती ही तुच्छ मानण्याची गोष्ट नव्हे. परंतु सान फर्नांदोच्या धर्मगुरूंनी लोकांचे ऐकले, तसेच लोकांबरोबर आटलेल्या ओढ्यापर्यंत जाऊन त्याचे कारणही शोधले. कळपाची भीती ऐकावी, आणि डोंगराचेही म्हणणे ऐकावे. दोहोंपैकी एकच ऐकणारा मेंढपाळ अर्धाच जागा असतो.

आणि मराठी ख्रिस्तसभेस हा विषय परका मुळीच नाही. उत्तर कोकणात वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे व पाण्याच्या उपशाचे संकट आले, तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत निर्भयपणे पुढे झाले. तेथे वर्षावन नव्हते. केळीच्या बागा, वाड्या व विहिरी होत्या. पण प्रश्न तोच होता, आणि लेखणी मराठी होती. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूच्या भेटीस गेले.

असो. लेख लांबला. धर्मबंधु-भगिनींनो, आम्हां सर्वांस बंदुकीपुढे उभे राहण्याचा प्रसंग येईल असे नाही, आणि तो न येवो. परंतु सान फर्नांदोच्या कथेचा आरंभ बंदुकीपासून झाला नव्हता. शुभवर्तमान वाचण्यास जमलेल्या शेजाऱ्यांनी, आपला ओढा का आटला, असे एकमेकांस विचारले. तेथून तो झाला. ज्युबिलीच्या या वर्षी आपल्या धर्मग्रामातील लघुसमूहांनी एक तरी सभा याच प्रश्नासाठी राखून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. आपल्या हद्दीत कोणती विहीर खारी झाली, कोणते तळे बुजले, कोणाच्या वाडीवरचे झाड कोणाच्या लाभासाठी पडले, हे वयोवृद्धांस विचारावे, टिपून ठेवावे, आणि आपल्या धर्मगुरूंपुढे मांडावे. मेंढपाळ बोलतील, पण त्यांस काय बोलावयाचे ते आधी कोणीतरी सांगितले पाहिजे.

भूमी ज्याची आहे त्या परमेश्वराने, त्याच्या भूमीवरील पाहुणे म्हणून, आम्हांस शहाणपणाने राहण्याची कृपा द्यावी, आणि फादर सातूर, फादर बुर्निये व सिस्टर डोरोथी यांच्या आत्म्यांस चिरशांती द्यावी, हीच ज्युबिलीच्या मंगल समयी आमची प्रार्थना.